अभ्यासिकेचे कॉम्प्युटर : प्रोसेसर निवडीच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

मीटिंग झाली. समाजमंदिराची मागची खोली अभ्यासिकेला द्यायचं पक्कं, लाइट फिटिंग ग्रामपंचायत करून देते, कॉम्प्युटर लोकवर्गणीतून आणि पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या पोरांच्या पैशातून. तलाठी भरतीसारख्या परीक्षा आता कॉम्प्युटरवरच होतात आणि आमची पोरं सगळं मोबाइलवर शिकलेली, माउस धरला की हात अडकते. १४ एप्रिलला उद्घाटन करायचं असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. खरेदीचं काम माझ्या गळ्यात, कारण मी सेतू केंद्र चालवतो. "तुले त्यातलं समजते ना, मंग तूच पाय," असं म्हणून काकांनी विषय संपवला. हिशोब लिहून ठेवा लागते म्हणून ही वही, आणि कोणी उद्या विचारलं की हाच कॉम्प्युटर काऊन घेतला, तर दाखवाले पण कामी येईल.

६ फेब्रुवारी

तीन कोटेशन आले.

अकोल्याचा सेकंडहँड माल विकणारा : कंपनीतून निघालेले टॉवर, प्रोसेसर इंटेल कोअर आय५-२४००, ३.१ गिगाहर्ट्झ, ८ जीबी रॅम, किबोर्ड-माउस फुकट. सगळ्यात स्वस्त. अमरावतीहून नवीन मिनी पीसी : टिफिनच्या डब्याएवढा, इंटेल एन१००, ३.४ गिगाहर्ट्झ, किंमत अकोल्याच्या साधारण पावणेदोनपट. तिसरा असेंबल केलेला : एएमडी रायझन ३ ३२००जी, कोटेशनवर मोठ्या अक्षरात ४ गिगाहर्ट्झ, सगळ्यात महाग.

सरपंचताईंनी तिन्ही कागद बाजूबाजूला ठेवले अन् म्हणाल्या, "मंग चार वालाच घ्या ना भाऊ, चार सगळ्यात जास्त हाय."

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देते तो आकडा. आता हे तीन आकडे एका जातीचे नाहीतच. आय५ चा ३.१ हा बेस आहे, म्हणजे सगळं काम अंगावर असताना पण कंपनी जेवढा धरून चालते तेवढा, टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जोर मारून, तो ३.४ ला जाते. एन१०० चा ३.४ हा वरचा, थोडा वेळ मारायचा आकडा. रायझनचा ४ पण वरचाच, त्याचा बेस ३.६. तर वरचा आकडा धरला तर आय५ आणि एन१०० अगदी सारखे, दोन्ही ३.४, सेकंदाला ३४० कोटी ठोके. पण एक २०११ चा आणि कंपनी त्याला ९५ वॅट लिहिते, दुसरा २०२३ चा आणि ६ वॅट. मग सारखे कसे काय? एवढा प्रश्न ताईंना पटला, आणि ऑर्डर थांबली, हेच आजचं काम.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी काकूकडे फरदडीचा कापूस मोजणं चालू होतं, तिथं पवन (आयटीआय करतो, आपला सगळ्यात उपयोगी गडी) मले विचारून राहिला की सर, ठोके जास्त म्हणजे काम जास्त, यात चुकते काय? काट्याकडे बोट दाखवलं. एखादी बाई भराभर हात मारते पण एका हातात एकच बोंड निघते, दुसरी सावकाश पण दोन्ही हातानं तीन-चार बोंडं सोबत काढते. मजुरी किलोवर देतो आपण, हात किती वेळा हलला त्यावर कोणी देत नाही. गिगाहर्ट्झ म्हणजे हात किती वेळा हलला. एका ठोक्यात प्रोसेसर किती सूचना निपटवते हे वेगळं, त्याले आयपीसी म्हणतात, आणि ते डब्यावर कोणीच छापत नाही. काकू मधातच म्हणे, "अन् काही जणी वलाच कापूस भरते वजनासाठी, तेबी लिहून ठेव." त्यावर पुढं येतो, कारण बेंचमार्कात (प्रोसेसरचा वेग मोजायच्या चाचण्या) पण वला कापूस असते.

आयपीसी छापत नाहीत यामागं नुसती लबाडी नाही. तो आकडा कामागणिक बदलते. हिशोबाच्या कामात वेगळा, व्हिडिओत वेगळा, आणि डेटा कॅशेमध्ये (प्रोसेसरच्या आतली छोटी साठवण) नसला, रॅममधून आणावा लागला तर कितीही भारी प्रोसेसर नुसता ठोके मोजत बसते. आयुष्यभराचा एकच एक आकडा निघतच नाही.

१४ फेब्रुवारी

पवननं शाळेच्या अडगळीतून एक पेन्टियम ४ काढला. ३ गिगाहर्ट्झचा. आत कोळ्याची जाळी, पंख्यावर बोटभर धूळ, पण चालू झाला बुवा. त्यावर ३२ बिटची हलकी लिनक्स टाकली आणि माझ्या केंद्रावरचा साधा लॅपटॉप बाजूला ठेवला, सेलेरॉन एन४०२०, डब्यावर १.१ गिगाहर्ट्झ (वर २.८ पर्यंत जाते). जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफचं एकच मोठं फोल्डर दोघांवर सेव्हन-झिपनं (फाइली दाबून लहान करायचा प्रोग्राम) दाबलं, ते पण एकाच थ्रेडवर, म्हणजे जास्त कोअरचा (प्रोसेसरमधले काम करणारे वेगवेगळे भाग) फायदा नको.

लॅपटॉपचं होऊन गेलं, आम्ही चहा घेतला, पेन्टियम अजून चालूच. आणि आवाज असा की बाहेरून पोट्टे विचाराले आले, चक्की सुरू केली काय. ३ वाला १.१ वाल्यासमोर हरला हे डोळ्यानं पाहिल्यावर पोरांना मी काही समजावून सांगायची गरजच राहिली नाही. १.१ हा तरी कुठं खरा, तो पूर्ण वेळ २.८ च्या आसपास धावत होता, हे पण स्क्रीनवर दाखवलं. तरीबी २.८ हा ३ पेक्षा कमीच.

१६ फेब्रुवारी

पेन्टियम ४ चा विषय निघालाच तर पूर्ण लिहून ठेवतो, कारण कंपन्यांमधली सगळी आकड्यांची भांडणं याच्या आजूबाजूची आहेत.

मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनी दोन-तीन दिवसांच्या फरकानं १ गिगाहर्ट्झ गाठला, एएमडी आधी. त्यानंतर नोव्हेंबर २००० ला इंटेलनं पेन्टियम ४ आणला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. हा प्रोसेसर मुद्दामच असा बांधला होता की ठोके वाढवता यावे. सूचना ज्या टप्प्यांतून जाते ती पाइपलाइन पेन्टियम ३ मध्ये १० टप्प्यांची होती, यात २०, आणि २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१. टप्पे छोटे केले की एकेक टप्पा लवकर उरकते, म्हणून घड्याळ जोरात पळवता येते. पण प्रोग्राममध्ये "असं असेल तर इकडे जा" असं वळण आलं आणि प्रोसेसरचा अंदाज चुकला की पाइपलाइनमधलं अर्धवट काम सगळं फेकून पहिल्यापासून भरा लागते, आणि लांब पाइपलाइन म्हणजे फेकायला पण जास्त. म्हणून पहिला १.५ वाला काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ३ च्या पण मागं पडत होता. गिऱ्हाइकाला डब्यावर काय दिसे? दीडपट.

एएमडीची पंचाईत अशी, की त्यांचा अॅथलॉन एका ठोक्यात जास्त काम करे पण डब्यावर आकडा कमी. मग ऑक्टोबर २००१ ला त्यांनी अॅथलॉन एक्सपी आणला आणि नावातून गिगाहर्ट्झच काढून टाकले. १५००+, १६००+, १७००+, १८००+. यातला १८००+ खरा चाले १.५३ गिगाहर्ट्झवर. कंपनी म्हणे की ही तुलना आमच्याच जुन्या अॅथलॉनशी आहे, पण बाजारात सगळ्यांनी ते "१.८ च्या पेन्टियम ४ बरोबरचा" असंच वाचलं, आणि वाचावं म्हणूनच ठेवलं होतं, मला तरी यात काही शंका वाटत नाही. प्रत्यक्षात तो आकडा फार फुगवलेला पण नव्हता.

ही युक्ती एएमडीची पण नवी नव्हती. १९९६ लाच एएमडी, सायरिक्स, आयबीएम आणि एसजीएस-थॉमसन यांनी मिळून पी-रेटिंग काढलं होतं. आपला प्रोसेसर ज्या पेन्टियमच्या बरोबरीनं ऑफिसची कामं करते, त्या पेन्टियमचे मेगाहर्ट्झ आपल्या नावात लावायचे. सायरिक्सचा पीआर२००+ खरा १५० मेगाहर्ट्झचा, एएमडीचा के५ पीआर१३३ खरा १०० चा. टायपिंग, एक्सेल वगैरेत हिशोब जुळे. पण सायरिक्सचं दशांशाच्या गणिताचं युनिट कमजोर, आणि नेमके तेव्हाच थ्रीडी गेम आले, तिथं २०० लिहिलेला डबा खऱ्या २०० च्या पेन्टियमसमोर टिकेच ना. रेटिंग ज्या कामावर काढलं तेवढ्यापुरतंच खरं होतं, पण डब्यावर ते काम कोणतं हे लिहिलेलं नव्हतं.

मजा म्हणजे शेवटी इंटेलनंच गिगाहर्ट्झ सोडले. नेटबर्स्ट (पेन्टियम ४ ची रचना) १० गिगाहर्ट्झपर्यंत नेऊ असं बोलत होते, ४ लाच उष्णतेनं दम काढला. ऑक्टोबर २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ रद्द केल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षापासून इंटेलनं पण नावात नंबर लावायला सुरुवात केली, कारण घरातच अडचण झाली होती, लॅपटॉपचा पेन्टियम एम कमी ठोक्यांत स्वतःच्याच पेन्टियम ४ ला गाठत होता, मग गिऱ्हाइकाला काय सांगणार. २००६ ला कोअर २ ड्युओ आला, १.८६ गिगाहर्ट्झचा ई६३०० पण ३ च्या वरच्या पेन्टियम डी ला मागं टाके. तेव्हापासून हर्ट्झ हे फक्त एकाच कंपनीच्या एकाच पिढीत तुलना करायच्या कामाचे उरले.

२२ फेब्रुवारी

दहावीची परीक्षा सुरू, कोणी फिरकलं नाही. वर्गणीच्या पावत्या लावल्या.

१ मार्च

अकोल्याला गेलो, पवन सोबत. पेनड्राइव्हमध्ये लिनक्स आणि आमची चाचणी घेऊनच गेलो, म्हणजे दुकानाच्या मशीनमध्ये काय टाकलेलं आहे याच्याशी संबंधच नको. आमची चाचणी चार गोष्टींची : प्रश्नपत्रिकांचं फोल्डर दाबणं, सरांनी रेकॉर्ड केलेल्या गणिताच्या तासाचा व्हिडिओ लहान करणं, एक मोठी मार्कलिस्ट लिबरऑफिसमध्ये उघडून सॉर्ट करणं, आणि ब्राउजरमध्ये सराव परीक्षा उघडून मागं यूट्यूबवर तास चालू ठेवणं. अभ्यासिकेत हेच होणार आहे, बाकी काय होणार.

दुकानदार आधी कुरकुरला, "इतकं कोणी पाहत नसते दादा, आय५ आहे, आय५ म्हणजे आय५." मग स्वतःच खुर्ची ओढून पाहत बसला. मिनी पीसी तिथंच दुसऱ्या गल्लीत डेमोला मिळाला, रायझन एका ओळखीच्या मुलाच्या घरी.

२ मार्च

निकाल. सेकंद लिहून ठेवलेत मागच्या पानावर, इथं फक्त काय दिसलं ते.

फोल्डर दाबण्यात आणि व्हिडिओ लहान करण्यात रायझन पुढं, ठीकठाक फरकानं. एन१०० दुसरा. आय५-२४०० तिसरा, पण फार मागं नाही, चौदा वर्षं जुना असून. मार्कलिस्टमध्ये तिघांत डोळ्याला जाणवेल असा फरक नाही, तिथं प्रोसेसरपेक्षा एसएसडी (चिपवरची जलद डिस्क) की जुनी फिरती हार्ड डिस्क यानंच जास्त फरक पडला. अकोलावाल्यानं हार्ड डिस्क लावलेली होती, तिच्या जागी एसएसडी लावून पाहिली तर तेच मशीन वेगळं वाटे.

खरी गंमत चौथ्यात. यूट्यूब मागं चालू केलं की आय५ चा पंखा ओरडे, चारही कोअर बऱ्यापैकी भरलेले, सराव परीक्षेचं पान अडखळे. एन१०० वर तेच व्हिडिओ, प्रोसेसर जवळजवळ निवांत. कारण यूट्यूब आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतींत व्हिडिओ पाठवते, २०११ च्या आय५ च्या ग्राफिक्सला या दोन्ही भाषा येत नाहीत, मग सगळं ओझं प्रोसेसर स्वतः उचलते. एन१०० मध्ये दोन्हीसाठी वेगळं सर्किटच बसवलेलं आहे. आता सांगा, हे कोणत्या रेटिंगमध्ये दिसते? गिगाहर्ट्झ सारखे, कोअर सारखे, चार-चार.

९ मार्च

वर्गणी देणाऱ्या एकाचा फोन : "माझ्याकडे आय७ चा लॅपटॉप आहे, तुम्ही आय५ पण नाही घेऊन राहिले, एन१०० काय असते?" रास्त प्रश्न आहे. म्हणून नावांचं लिहून ठेवतो.

आय३, आय५, आय७ हे कंपनीच्या एका पिढीतले वर्ग आहेत, त्यात वेगाचं वचन काही नाही. डेस्कटॉपचा आय५-२४०० चार कोअरचा. सातव्या पिढीतला लॅपटॉपचा आय५-७२००यू दोनच कोअरचा, आणि त्या पिढीचा आय७-७५००यू पण दोनच. बाराव्या पिढीचा आय५-१२३५यू दहा कोअरचा, पण त्यात मोठे दोन आणि छोटे आठ, ते दहा काही एकसारखे नाहीत. आय३-एन३०५ नावाचा एक आहे, त्यात मोठा कोअर एकही नाही, आठही छोटे, म्हणजे आमच्या एन१०० चाच मोठा भाऊ, पण नाव आय३. २०२३ च्या शेवटी इंटेलनं "आय" पण काढून टाकला आणि अल्ट्रा वगैरे नावं आणली, त्यामुळं घोळ कमी झाला असं म्हणता येत नाही.

एएमडीकडे पण तेच. रायझन ३ ७३२०यू पाहिला की वाटते सात हजार म्हणजे एकदम नवा. २०२३ पासून लॅपटॉपच्या या नावांत पहिला अंक बाजारात आलेल्या वर्षाचा, आणि रचना कोणती हे तिसऱ्या अंकात लपवलेलं. ७३२० मधला तिसरा अंक २, म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची. ७८४०यू मध्ये तिसरा अंक ४, म्हणजे झेन ४, ती खरी नवी. दोन्ही एकाच मालिकेच्या स्टिकरखाली. निदान एएमडीनं अंकांचा अर्थ जाहीर केला होता, पण दुकानात उभा असलेला माणूस तिसरा अंक कायले पाहते.

कोअर मोजण्यावरून पण कोर्टकचेरी झालेली आहे. २०११ च्या बुलडोझर रचनेत एएमडीनं "८ कोअर" म्हणून विकलेल्या प्रोसेसरमध्ये दोन-दोन कोअरच्या जोडीत काही भाग सामायिक होते, त्यावर अमेरिकेत दावा झाला आणि २०१९ मध्ये कंपनीनं १ कोटी २१ लाख डॉलर देऊन मिटवला. इंटेलनं पण पेन्टियम ४ च्या बेंचमार्कांवरून झालेल्या दाव्यात २०१४ ला तडजोड केली, जुन्या गिऱ्हाइकांना १५-१५ डॉलर. म्हणजे यात धुतल्या तांदळाचं कोणी नाही.

फोनवाल्या दादांना एवढं नाही सांगितलं. "आमच्या चाचणीचा कागद व्हॉट्सअॅप करतो," म्हटलं. त्यांनी अंगठा पाठवला.

१५ मार्च

पवन इंटरनेटवरून बेंचमार्कांचे तक्ते काढून आणत असते, गीकबेंच, सिनेबेंच, पासमार्क. वाईट नाहीत, आपली चाचणी करता येत नसेल तर याच्याशिवाय दुसरं आहे पण काय. पण पाहायचे कसे हे ठरवा लागते. सिंगल कोअरचा आकडा आणि मल्टी कोअरचा आकडा वेगवेगळा पाहायचा. आपल्या कामाला, ब्राउजर आणि टायपिंगला, सिंगल जास्त लागते. मल्टी कोअर हा व्हिडिओवाल्यांसाठी. आणि एकाच चाचणीच्या दोन आवृत्त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नाहीत.

आता काकूचा वला कापूस. सगळ्यात मानाची चाचणी स्पेक, १९८८ ला कंपन्यांनीच मिळून काढलेली, जेणेकरून एकमेकांच्या फेकाफेकीला आळा बसावा. खरे प्रोग्राम चालवायचे, सगळी सेटिंग जाहीर करायची, आणि एका ठरलेल्या जुन्या मशीनच्या तुलनेत किती पट हे सांगायचं. इतकी शिस्त असून फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकनं इंटेल प्रोसेसरचे २६०० हून जास्त निकाल शंकास्पद म्हणून शेरा मारून ठेवले, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत बदलणारं साधन) त्या चाचणीतल्या एका प्रोग्रामलाच ओळखून वेग वाढवणारी सोय सापडली. पेपर आधीच माहीत असलेला विद्यार्थी. कंपायलरवरून इंटेलचं याआधी पण झालेलं, त्यांचा कंपायलर प्रोसेसर कोणत्या कंपनीचा हे विचारे आणि दुसऱ्याचा असला की हळू रस्त्यानं नेई. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबतच्या तडजोडीत हे उघड सांगणं त्यांना भाग पडलं. मोबाइलमध्ये तर चाचणीचं अॅप उघडलं की फोन वेग वाढवून घेते असे प्रकार नावाजलेल्या कंपन्यांचे पकडले गेले आहेत.

मध्येच एक : पोरांना सांगितलं की आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर, त्यांच्या पुढाकारात पुण्याला सी-डॅकनं (कॉम्प्युटर संशोधनाची सरकारी संस्था) १९९१ मध्ये परम ८००० केला, आणि तो एका भारी प्रोसेसरवर नव्हता, ट्रान्सप्युटर नावाच्या पुष्कळ छोट्या प्रोसेसरांना एकत्र जुंपून केला होता. सुपरकॉम्प्युटरची मोजणी पण गिगाहर्ट्झमध्ये कोणी करत नाही, लिनपॅक नावाची समीकरणं सोडवायला देतात, त्यावर १९९३ पासून टॉप५०० यादी निघते. एका पोट्ट्यानं विचारलं, मुरंबा म्हणजे आपला मुरंबा? हो बे, आपलाच.

२३ मार्च

वॅट. हा भाग आमच्यासाठी गिगाहर्ट्झपेक्षा मोठा, कारण लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि इन्व्हर्टर एकच आहे.

इथं पण कंपन्यांची मापं वेगळी. इंटेल आता दोन आकडे देते, बेस पॉवर आणि टर्बो पॉवर. आय५-१२४०० चा बेस ६५ वॅट, पण जोरात चालला की ११७ पर्यंत. एएमडीच्या एएम४ नावाच्या जातीच्या बोर्डावर ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर ८८ पर्यंत ओढू शकते. म्हणजे दोन्ही डब्यांवर ६५, खरं ओझं वेगळं. त्यामुळं डबा बाजूला ठेवून प्लगमध्ये लावायचा मीटर उधार आणला. आय५ चा टॉवर नुसता बसलेला असताना चाळीसेक वॅट, काम दिलं की नव्वदच्या वर. मिनी पीसी बसलेला असताना दहाच्या आत, कामात विशीच्या आसपास. मॉनिटर वेगळा. एका टॉवरच्या विजेत चार मिनी चालतात, आणि इन्व्हर्टरवर पेपर चालू असताना हे फार कामाचं.

स्वस्त आय५ चा विषय इथंच संपला खरं म्हणजे. शिवाय विंडोज ११ त्यावर कंपनीच्या नियमात बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होते. आपण लिनक्सच टाकणार, पण उद्या कोणाला विंडोज लागलं तर.

३० मार्च

पाडवा. ऑर्डर दिली. बसायच्या जागांसाठी एन१०० चे मिनी, आणि व्हिडिओ एडिटिंग, पोस्टर वगैरे जड कामाला एकच रायझन. ताईंनी विचारलं, "चार वाला एकच?" म्हटलं एकच, बाकी पैशात एसएसडी आणि चांगल्या खुर्च्या. खुर्च्यांवर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

१३ एप्रिल

माल आला, रात्री उशिरापर्यंत जोडाजोडी. रायझनमध्ये दुकानदारानं ८ जीबी रॅमची एकच काडी लावून पाठवली, बिलावर ४-४ च्या दोन होत्या. ३२००जी चं ग्राफिक्स रॅममधूनच जेवते, एका काडीवर त्याचा श्वास अर्धा होते. फोन केला, बदलून देतो म्हणाला. एन१०० ला तशी भानगड नाही, त्याले एकच चॅनल (रॅमकडे जायचा रस्ता) आहे.

१४ एप्रिल

जयंती, मिरवणूक, उद्घाटन. काकांनी फीत कापली. पहिल्याच संध्याकाळी खोली भरली.

४ मे

अकोल्याकडचं ऊन. दुपारी खोलीत कूलर लावूनबी चाळिशीच्या वर. पोरं म्हणत होती की खिडकीजवळचं मशीन सराव परीक्षेत मधेमधे अडखळते, बाकीचे नाही. पाहिलं तर तेच एक बिनपंख्याचं मॉडेल आलेलं, बाकीच्यांना छोटा पंखा आहे. प्रोसेसर तोच एन१००, स्टिकर तोच, ३.४ तोच. आमची व्हिडिओची चाचणी लावली आणि ठोके पाहत बसलो, सुरुवातीला ३ च्या आसपास, मग तापमान शंभरीकडे सरकलं तसे ठोके उतरत उतरत दोनच्या खाली. बाजूचं पंखेवालं मशीन तेच काम आरामात करून मोकळं. डब्यावरच्या ३.४ मध्ये आपली तापलेली खोली कुठं दिसते.

१० मे

बिनपंख्याचं मशीन खिडकीतून काढून आतल्या भिंतीला लावलं, खाली लाकडी पट्ट्या दिल्या की हवा खालून पण जावी. बराच फरक, पण ऐन दुपारी अजून उतरतेच, म्हणून त्यावर बायोसमध्ये (मशीनची आतली मूळ सेटिंग) वॅटची मर्यादा थोडी कमी केली. वरचा आकडा कमी झाला, पण वरखाली होणं थांबलं आणि पोरांची तक्रार पण. कूलरचं तोंड मशीनवर नको हे सगळ्यांना सांगून ठेवलं, खारपाणपट्ट्यातलं पाणी, कूलरच्या जाळीवर आठवड्यात पांढरा थर बसते, तो आत गेला तर प्रोसेसर कोणत्याबी कंपनीचा असो.

रायझनच्या दोन काड्या अजून आल्या नाहीत. सोमवारी परत फोन करणे. पवनला प्लगचा मीटर परत देऊन ये म्हणून सांगितलं आहे.